टकळीला तीन तास वीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस मिनिटं

शाळेतल्या मुलांमध्ये आत्मविश्वास आणि चिकाटी कशी निर्माण होते? हा प्रश्न सध्या पुन्हा चर्चेत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम शिकावं, अशी कल्पना आहे. हाताने काम केलं की मूल धीट होतं, जिद्दी होतं, असं सांगितलं जातं. ऐकायला हे छान वाटतं. पण आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने इथे एक साधा प्रश्न विचारलाच पाहिजे : कोणाच्या हाताला कोणतं काम?

या प्रश्नाचा इतिहास वर्ध्यात आहे. तो आपल्या तरुणांना माहीत असायला हवा.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधी होते. काँग्रेसची सरकारं नुकतीच आलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री हजर होते. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिकवणं, एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफणं आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघणं, असे ठराव झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला. पुढे १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ‘नई तालीम’ उभी केली.

आता त्या अहवालातलं वेळापत्रक पाहा. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगाला. संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून चाळीस मिनिटं. मातृभाषेला चाळीस मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून तीस मिनिटं. व्यायामाला दहा, सुट्टीला दहा.

योजनेचे समर्थक म्हणतील, उद्योगातूनच गणित आणि विज्ञान शिकवायचं होतं, म्हणून ती वेळ वेगळी मोजू नका. ठीक आहे. सूत मोजताना बेरीज शिकता येते, कापसावरून भूगोल शिकवता येतो. पण ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक शिरू दिलं गेलं नाही, त्या मुलाला शाळेत सर्वांत जास्त कशाची भूक असणार? हाताने राबण्याची? ते तर त्याच्या आईबापांच्या वाट्याला जन्मापासून आलेलंच होतं. वर्धा जिल्हा कापसाचा. कापूस वेचणाऱ्या मजुराच्या पोराला कापूस दाखवायला शाळेची गरज नव्हती. त्याला गरज होती अक्षराची.

इथे न्यायाने एक गोष्ट मान्य करू. झाकिर हुसेन समितीने जातीप्रमाणे धंदा वाटून द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. एका शाळेत सगळ्या जातींच्या मुलांनी एकच उद्योग करायचा होता. सेवाग्रामच्या शाळेत मुलंमुली सफाईही करत, संडाससफाईसुद्धा. ज्या घरात झाडू धरणं म्हणजे बाटणं, त्या घरातल्या मुलाच्या हातात झाडू येणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. त्या मुलाचा जातीचा ताठा मोडण्यासाठी तो उपक्रम योग्यच होता.

पण तोच झाडू दुसऱ्या मुलाच्या हातात दिला तर काय होतं? ज्याच्या आजोबाने मैला वाहिला, बापाने मैला वाहिला, त्याला शाळेतही झाडूच मिळाला, तर त्याच्यात कुठला आत्मविश्वास येणार? एकच उपक्रम एका मुलाला माणूस बनवतो आणि दुसऱ्याला त्याची ‘जागा’ दाखवतो. श्रमप्रतिष्ठेचा धडा ज्याने कधी श्रम केले नाहीत त्याला द्यायचा असतो. ज्याचे श्रम लुटले गेले, त्याला श्रमाचा मोबदला आणि श्रम निवडण्याचं स्वातंत्र्य द्यायचं असतं. हा फरक वर्ध्याच्या परिषदेत कोणी ठामपणे मांडला असता, तर योजना वेगळी झाली असती.

ही शंका उगाच घेतलेली नाही. परिषदेच्या पंधरा महिने आधी, जुलै १९३६ मध्ये, बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ला उत्तर देताना गांधींनी ‘हरिजन’मध्ये वर्णधर्माची बाजू घेतली होती. प्रत्येकाने वडिलोपार्जित धंद्यावर पोट भरावं आणि सगळे धंदे प्रतिष्ठेने समान मानावेत, असा त्यांचा आशय होता. धंदे समान म्हणायचे, पण बदलायचे मात्र नाहीत, हे ज्याचा धंदा मैला वाहण्याचा आहे त्याला कसं पटावं? हे लिहिणारी व्यक्तीच शाळेच्या केंद्रस्थानी धंदा ठेवत असेल, तर अस्पृश्य समाजाने सावध होणं स्वाभाविक होतं.

ही भीती खरी ठरल्याचं उदाहरण मद्रास प्रांतात मिळतं. १९५३ मध्ये राजगोपालाचारींनी तिथे प्राथमिक शाळेचे तास कमी केले. उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, हे नाव दिलं आणि रान उठवलं. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. हस्तोद्योग आणि जातिधंदा यांच्यातली भिंत किती पातळ असते, ते इथे दिसतं.

आता पैशाची बाजू पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. त्या काळी प्रांतांच्या तिजोरीत दारूच्या अबकारी कराचा मोठा वाटा होता. दारूबंदी केली तर शिक्षणाला पैसा कुठून आणायचा, हा काँग्रेस सरकारांपुढचा पेच होता. गांधींचं उत्तर होतं : शिक्षण स्वावलंबी करा, मुलांच्या हातच्या मालातून खर्च काढा. परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी या स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला होता.

याच प्रश्नावर बाबासाहेब दहा वर्षं आधी बोलले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिलं, की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. लोकांकडून जेवढा अबकारी कर घेता, निदान तेवढा तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. खर्चाची जबाबदारी बाबासाहेबांनी सरकारवर टाकली. वर्ध्याने ती मुलाच्या टकळीवर टाकली.

त्याच भाषणात आणखी एक आकडा आहे. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. ‘चिकाटी’ या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. त्या ८२ मुलांमध्ये चिकाटी नव्हती का? होती. त्यांना शाळेत टिकवण्याची चिकाटी सरकारमध्ये आणि समाजात नव्हती. मूल टिकावं म्हणून वसतिगृह लागतं, फी माफी लागते, शाळेत अपमान न होण्याची हमी लागते. हे न देता मुलाला जिद्दीचे धडे देणं म्हणजे उपाशी माणसाला पचनाचा सल्ला देणं.

मग आपल्या परंपरेत मुलांचा आत्मविश्वास कसा घडवला गेला? १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. चौदा-पंधरा वर्षांची मातंग मुलगी धर्माला जाहीर प्रश्न विचारते. निबंध लिहिणं हा आजही शाळेतला साधा उपक्रम आहे. पण तिथे मुलीला स्वतःच्या समाजाचं दुःख हा विषय म्हणून मिळाला आणि तिचं म्हणणं छापलं गेलं.

१९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक चालवलं. मुंबईत सभेने मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लब सुरू केला. राहण्याची सोय, मासिक, वाचनालय, खेळ हा क्रम पाहा. पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरू लागली. जानेवारी १९५० मध्ये बाबासाहेब त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ नाटक विद्यार्थ्यांनी उभं केलं.

आपल्या विदर्भातही हे घडत होतं. वर्ध्यापासून जवळच, नागपुरात, जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये संत चोखामेळा कन्याशाळा सुरू केली. एकेकाळी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या या बाईने मुलींच्या हातात पाटी दिली. १९४२ च्या जुलैत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात दलित महिला परिषद भरली, तेव्हा मंचावरून बोलणाऱ्या स्त्रिया आकाशातून पडल्या नव्हत्या. अशा शाळांनी आणि सभांनी त्यांना बोलतं केलं होतं.

नई तालीमकडून काहीच घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. सेवाग्रामच्या शाळेत मुलं आपसांतून मंत्री निवडत, स्वयंपाकाचा आणि सफाईचा हिशेब ठेवत आणि तो सगळ्यांपुढे मांडत. मुलांच्या हाती निर्णय देणारा हा भाग खरोखर मोलाचा होता. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा आजही त्या परंपरेत चालते. हिशेब मांडणारं मूल धीट होतं ते हिशेब मांडल्यामुळे, केवळ झाडल्यामुळे नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत कुठलाही ‘उपक्रम’ आला की तीन गोष्टी तपासा. एक, हे काम सर्व जातींच्या मुलामुलींना पाळीपाळीने मिळतं का, की झाडू ठरावीक हातांत आणि माईक ठरावीक हातांत जातो? दोन, या उपक्रमाने वाचन-लेखनाचा वेळ वाढतो की खाल्ला जातो? तीन, काय करायचं हे ठरवण्यात मुलाचा शब्द मोजला जातो का?

उत्तर चुकीचं आलं तर शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बोला, लेखी द्या. आणि स्वतःही काही करा. ७ नोव्हेंबर हा बाबासाहेबांचा शाळाप्रवेश दिन राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फोटोला हार घालून थांबू नका. वस्तीतल्या प्रत्येक मुलाला दोन मिनिटं उभं राहून स्वतःचं म्हणणं मांडायला द्या. पहिल्या वर्षी ते अडखळेल, दुसऱ्या वर्षी बोलेल, तिसऱ्या वर्षी प्रश्न विचारेल. चिकाटी म्हणतात ती हीच, आणि ती मुलाइतकीच आपल्यालाही दाखवावी लागेल.

जय भीम!