बातमी विकत, जोखीम फुकट

परदेशातल्या युद्धाची दृश्यं तुम्ही पाहता तेव्हा कोपऱ्यात वाहिनीचा लोगो असतो. कॅमेरा धरणारा माणूस त्या वाहिनीचा असेलच असं नाही. पुष्कळदा तो फ्रीलान्स असतो. फुटेज विकलं गेलं तर पैसे, गोळी लागली तर त्याचं नशीब. आपल्याकडच्या तालुका वार्ताहरांना ओळखणाऱ्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही.

रॉरी पेक असेच एक कॅमेरामन. 1989 मध्ये रुमानियातल्या क्रांतीच्या धामधुमीत त्यांनी तीन मित्रांसह फ्रंटलाइन न्यूज टेलिव्हिजन ही फ्रीलान्सरांचीच संस्था काढली. त्या चौघांपैकी निकोलस डेला कासा 1991 मध्ये इराकी कुर्दिस्तानात मारले गेले. ऑक्टोबर 1993 मध्ये मॉस्कोतल्या ओस्तान्किनो टीव्ही केंद्राबाहेरच्या गोळीबारात पेक गेले. त्यांची पत्नी ज्युलिएट आणि मित्रांनी 1995 मध्ये लंडनला रॉरी पेक ट्रस्ट स्थापन केला. प्रशिक्षणाच्या खर्चाला हातभार, अडचणीत मदत, मागे राहिलेल्या कुटुंबाला आधार, असं त्याचं काम. म्हणजे पहिली सोय वाहिन्यांनी नाही, घरच्यांनी केली.

पुढेही तसंच. 20 एप्रिल 2011 ला लिबियातल्या मिसराता शहरात टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रॉस यांना तोफगोळ्याचे तुकडे लागले. हेदरिंग्टन रक्तस्रावाने गेले. रक्त थांबवणं जवळच्या कुणाला जमलं असतं तर ते कदाचित वाचले असते, हे त्यांचे मित्र सेबॅस्टियन युंगर यांना नंतर कळलं. त्यांनी 'रिस्क' नावाची संस्था काढली. फ्रीलान्सरांना प्रथमोपचार शिकवायचे, तेही मोफत.

2014 मध्ये जेम्स फोली आणि स्टीव्हन सॉटलॉफ या दोन फ्रीलान्सरांना आयसिसने सीरियात मारलं. त्यानंतर एएफपी वृत्तसंस्थेने जाहीर केलं की, आम्ही स्वतः जात नाही अशा ठिकाणी जाणाऱ्या फ्रीलान्सरचं काम आम्ही घेणार नाही. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. विकत घेणारा आहे म्हणूनच तर माणूस तिथे जातो. फेब्रुवारी 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरक्षेची तत्त्वं मांडली गेली. नोकरीतल्या पत्रकाराइतकीच काळजी फ्रीलान्सरची घ्या, हे त्यात माध्यमांना सांगितलं. प्रशिक्षण आणि विमा यांशिवाय जाऊ नका, हे फ्रीलान्सरांना.

पण 'जाऊ नका' हे बाहेरून येणाऱ्याला सांगता येतं. अलेप्पोतून फोटो त्यानंतरही येतच राहिले. पाठवणारे आता तिथलेच रहिवासी होते.