काळी घोंगडी, केशरी जाकीट

घोंगडी मूळची कोकणची नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या डोंगरपट्ट्यातले गवळी धनगर म्हशी राखतात. मेंढरांना इथला पावसाळा सोसत नाही. घाटावरच्या मेंढपाळांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि मृगाआधी परत वर जातात. त्यामुळे लोकर कातरणारे धनगर आणि ती विणणारे सणगर हे दोघेही सह्याद्रीपलीकडचे, साताऱ्याकडचे, सोलापूर-कोल्हापूरकडचे. खड्ड्यातल्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली त्यांची घोंगडी घाट उतरून खाली आली आणि कोकणातल्या गुराख्याच्या, शेतकऱ्याच्या खांद्यावर कायमची राहिली.

त्यामागे कारण होतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही, आणि ओलावा शोषताना थोडी ऊबही सोडते. माणगावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथली थंडी म्हणजे बर्फ नव्हे. चिंब भिजलेल्या अंगाला वारा लागला की भरणारं कापरं, हीच इथली खरी थंडी. तिच्यावर घोंगडीच्या खोळीइतका चांगला उपाय फार काळ नव्हता. लावणीला वाकलेल्या बायांच्या पाठीवर इरलं असे, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात पळसाची पानं. हात मोकळे, पाठ कोरडी. आज इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे.

घोंगडी काळी किंवा तपकिरी, इरलं मातकट. रात्रीच्या पावसात दोन्ही दिसेनाशी होत. पण तेव्हा दिसण्याची निकडही नव्हती. रस्त्यावर सर्वांत वेगाने येणारी वस्तू म्हणजे घोडा किंवा बैलगाडी, आणि तिची चाहूल आधीच लागे. टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं बांधलेली असत. अंधारात माणूस आवाजावरून ओळखला जाई, आणि फारच गरज पडली तर हातात टेंभा असे.

सरकारी नोकरीतल्या माणसाच्या अंगावर पुढे जो कपडा आला, त्याने हा अंधार आणखी गडद केला. १८४६ मध्ये पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी राहिली. तिचा पहिला अधिकारी हॅरी लम्सडेन याने शिपायांना धुळीच्या रंगाचे कपडे दिले. शत्रूच्या नजरेत माणूस येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तोच खाकी रंग पुढे पोलीस, टपालवाले, रस्त्यावरचे आणि रुळांवरचे कामगार अशा सगळ्यांच्या वाट्याला आला. लपण्यासाठी निवडलेला रंग, ज्यांनी दिसायला हवं त्यांच्याच अंगावर चढला! १९२० मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कोलकात्यात सुरू केलेल्या ‘डकबॅक’चे रेनकोट देशभर गेले. पाऊस अडवण्याचं काम त्यांनी चोख केलं, पण रेनकोट म्हटला की रंग गडदच, हा समज पुढेही टिकून राहिला.

रेल्वेने धोक्याची खूण माणसाच्या हातात दिली होती, अंगावर नाही. गँगमनजवळ लाल-हिरवा झेंडा, रात्री हातबत्ती, आणि रुळावर लावायचे डेटोनेटर, ज्यांना सगळे फटाकेच म्हणतात. गाडी थांबवायची असेल तर ही साधनं कामाची. पण रुळावर वाकून पाना फिरवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

कपड्यानेच खूण व्हावं, ही कल्पना रंगाच्या शोधातून आली. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे जोसेफ आणि रॉबर्ट स्विट्झर या भावांनी प्रतिदीप्त रंग तयार केले. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून हे रंग त्यांचा दिसणारा प्रकाश करतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणा करण्यासाठी अशा रंगांची कापडं वापरली गेली. मग १९६४ मध्ये ग्लासगोत, पोलकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या विजेच्या मार्गावर, रुळांवरच्या कामगारांना चमकती केशरी जाकिटं मिळाली. त्यांना ‘फायर-फ्लाय’, म्हणजे काजवा, असं नाव पडलं. हा प्रयोग विजेच्या मार्गावर व्हावा, यात नवल नाही. वाफेचं इंजिन धापा टाकत, दुरूनच वर्दी देत येतं. विजेची गाडी लवकर वेग घेते आणि आवाज कमी करते.

माणगावला हा सगळा इतिहास तीस वर्षांत पाहायला मिळाला. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि माणगावात गाडी आली. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर कापून काढलेल्या या मार्गाची किंमत पावसाने लवकरच वसूल केली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, माणगावच्या दक्षिणेला महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीवर आदळून पुलावरून खाली गेली. आता पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, मुसळधार पावसात समोरचं दिसेना झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणतात, आणि साडेसहाशेच्या आसपास माणसं मार्गावर गस्त घालतात. रात्री, पावसात, पायी. गाडीतल्या प्रत्येकाची झोप या पेट्रोलमनच्या डोळ्यांवर असते, म्हणून त्याच्या अंगावर काय आहे हा प्रश्न किरकोळ नाही.

त्यातच २०२१ मध्ये रोहा-वीर दुहेरीकरण पूर्ण झालं आणि २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण. एका रुळावरून बाजूला झालेला माणूस दुसऱ्या रुळावर उभा असू शकतो, आणि गाडी पूर्वीइतका आवाज करत नाही. ग्लासगोत १९६४ मध्ये जी गरज जाणवली, तीच माणगावच्या रुळांवर आता आली आहे.

जाकिटाचा रंग ग्लासगोचाच चालेल, बाकीचं जाकीट मात्र नाही. जगभर रस्त्यांवर पोपटी-पिवळा रंग लोकप्रिय आहे, आणि करड्या शहरात तो उठूनही दिसतो. जुलैतल्या माणगावात भातखाचरं, करवंदीच्या जाळ्या, रुळाकडेचा टाकळा, सगळंच हिरवं. पुढे टाकळ्याला आणि घाटातल्या सोनकीला पिवळी फुलं येतात. इथे केशरीच हवा. ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला हा रंग पेटून उठतो. रात्री मात्र तो विझतो, कारण अतिनील प्रकाशच नसतो. तेव्हा कामाला येते ती चंदेरी पट्टी. काचेच्या बारीक मण्यांची ही पट्टी दिव्याचा प्रकाश आला तिकडेच परत पाठवते.

मेख पावसात आहे. मण्यांवर पाण्याचा पापुद्रा बसला की प्रकाश नीट वळत नाही आणि साधी पट्टी मंदावते. चिखलाने तर ती झाकलीच जाते. म्हणून कोकणासाठी ओल्या स्थितीत तपासलेली पट्टी मागायला हवी. २०१३ च्या ‘आयएसओ २०४७१’ या मानकात सर्वांत वरच्या, तिसऱ्या वर्गाच्या कपड्याला ०.८० चौरस मीटर चमकता रंग आणि ०.२० चौरस मीटर पट्टी लागते, आणि पट्टी निदान ५० मिलिमीटर रुंद. भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस १५८०९’ हे मानक २००८ मध्ये आलं. मानकं आहेत, खरेदी करणाऱ्याने ती निविदेत लिहायची असतात.

कारण जाळीचं पातळ जाकीट आणि पूर्ण बाह्यांचं उबदार जाकीट यांत फार अंतर आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. हे इंदापूर माणगाव तालुक्यातलंच. तेव्हापासून दर गणपतीआधी खड्डे बुजवण्याची घाई होते आणि भर पावसात, रात्री, डंपरच्या उजेडात माणसं उभी राहतात. कामगार अंगावर प्लास्टिक घेतो, आणि जाकीट त्याच्या आत गेलं तर काजवा मुठीत मिटल्यासारखा झाकला जातो. रबरी कोटात वरून पाणी येत नाही, पण आतून घामाने माणूस भिजतो आणि काम थांबलं की गारठतो. पाऊस अडवणं आणि ऊब देणं, घोंगडीने जे दोन्ही साधलं होतं, ते साधायला आज दोन थर लागतात. आत काढता येणारं लोकरीचं किंवा फ्लीसचं अस्तर, बाहेर शिवणी बंद केलेलं, घाम बाहेर सोडणारं केशरी कापड, आणि पट्टी सर्वांत वर.

माप हाही मुद्दा आहे. रस्त्याच्या कामावर बाया असतात, साडीवर पुरुषी मापाचा शर्ट चढवून, डोक्याला टॉवेल बांधून. पुरुषाच्या मापाचं जाकीट त्यांच्या खांद्यावरून घसरतं, मग पदर वर येतो आणि पट्टी झाकतो. बाजूला बंद असलेलं, शर्टावरून आवळून बसणारं छोट्या मापाचं जाकीट शिवायला फारसा खर्च येत नाही. आत शिवलेल्या चिठ्ठीवर ते किती धुण्यांपर्यंत टिकेल हे लिहिलेलं असतं. उन्हाने आणि धुण्याने केशरी रंग फिकट झाला की ते जाकीट बदलायचं, आणि बदलीच्या जाकिटांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायचा.