दारातला बंब : ऊन पाण्याचा एक दुर्लक्षित इतिहास

चूल, जाते, उखळ आणि पाटा-वरवंटा यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने न्हाणीतल्या वस्तूंच्या वाट्याला फारच थोडी शाई आली. वास्तविक पहाटे घरात पहिला जाळ होई तो बहुधा आंघोळीच्या पाण्यासाठीच. थंडीच्या दिवसांत हा जाळ लावणे, राखणे आणि ज्या भांड्याखाली तो लावायचा ते भांडे धड ठेवणे, हे एक स्वतंत्र काम होते. त्या कामाचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘न्हाणी’ स्नानावरून आली. ‘हमाम’ अरबी-फारसीतून आला. बादली, पिंप आणि बंब हे तीन शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आले, असे मानले जाते. ‘बाल्दे’ची बादली झाली, दारूचे लाकडी पीप म्हणजे ‘पिपा’, त्याचे पिंप झाले आणि पाणी उपसणाऱ्या ‘बोंबा’चा बंब झाला. म्हणूनच आग विझवणाराही बंब आणि पोटात आग घेऊन बसणाराही बंबच. किनाऱ्यावरून आलेले हे शब्द देशावरच्या न्हाणीत घंगाळाशेजारी इतके रुळले, की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ऊन पाण्याच्या सोयी पूर्वी दोन टोकांना होत्या. एका टोकाला राजेशाही हमाम. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मुमताजमहलचा हमाम आजही दाखवतात. १६३१ साली तिचा मृत्यू त्याच शहरात झाला. देवगिरीच्या किल्ल्यातही शाही हमाम आहे. दुसऱ्या टोकाला निसर्गाने फुकट तापवलेले पाणी. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे, संगमेश्वराजवळची तुरळ, राजवाडी आणि आरवलीची कुंडे, राजापूरचे उन्हाळे, दापोलीजवळचे उन्हवरे. यांतल्या काही गावांच्या नावातच ‘ऊन’ आहे. पण हमामाला नोकरांचा ताफा लागे आणि झरा सर्वांच्या गावी नसतो. सामान्य घराला उरे ते परसातले चुलाणे, त्यावरचा हंडा आणि पुढे तांब्याचा बंब.

बंबाची रचना रशियन सामोवाराच्या जवळची आहे. तांब्याचा गोल पिंपासारखा देह, मधोमध आरपार जाणारी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि खाली राख पडायला जागा. जळण वरून नळीत टाकायचे. आग मधे, पाणी भोवती. म्हणजे चुलीवरच्या हंड्याप्रमाणे ज्वाळा बाहेरच्या बाहेर वाया जात नाहीत. तांबे उष्णता पितळेच्या तिपटीहून अधिक वेगाने वाहून नेते, स्टेनलेस स्टीलच्या तर वीस-पंचवीस पटींनी. बंब तांब्याचा असण्यामागे श्रीमंतीच्या हौसेपेक्षा जळणाची काटकसर होती. पुण्यात असे काम करणारे तांबट कसब्यातल्या तांबट आळीतले. पेशवाईत तोफा आणि शस्त्रास्त्रांशी संबंधित कामे करणारे हे कारागीर राज्य गेल्यावर घरगुती भांड्यांकडे वळले, असे सांगितले जाते. हातोडीने मठारून पत्रा घट्ट करण्याची त्यांची रीत आजही टिकून आहे.

बंब राखण्याचे नियम थोडके, पण कडक होते. पाणी भरल्याशिवाय जाळ करायचा नाही, कारण पाण्याविना तापलेल्या नळीचा डाख सुटतो. तोटीतून ऊन पाणी काढले की तितकेच गार पाणी लगेच ओतायचे. राख रोज काढायची, नाहीतर जाळीखालून हवा येत नाही आणि बंब नुसता धुमसतो. बाहेरून चिंच-मीठ लावून घासायचा. चिंचेतल्या आम्लाने तांब्यावरचा काळा थर विरघळतो. आतून पाण्यातल्या क्षारांचे पांढरे कवच धरते, ते वेळच्या वेळी काढायचे. पत्रा आणि पाणी यांच्यामध्ये ते आले की जळण वाढते आणि पाणी मात्र उशिरा तापते.

या दृष्टीने नरक चतुर्दशीकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. कर्नाटकात अभ्यंगाच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीतले हंडे घासून, सजवून, भरून ठेवतात. त्या दिवसाचे नावच ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण. गोव्यात पाणी तापवण्याच्या भाणाला कारिटाची माळ घालतात. आपल्याकडेही दिवाळीपूर्वी बंब बाहेर काढून लख्ख करण्याची रीत होती. थंडी तोंडावर आली असताना भांडे रिकामे होते, घासले जाते, गळते का ते समजते आणि डाखाचे काम वेळेत उरकते. सणाने जणू वार्षिक दुरुस्तीचा मुहूर्तच ठरवून दिला.

हा इतिहास संपला, असे समजणाऱ्याने डिसेंबरातल्या पहाटे बिबवेवाडीत फिरून यावे. एके काळचे हे खेडे आज पुणे महापालिकेच्या ऐन वस्तीत आहे. सोसायट्यांच्या गच्च्यांवर सौर टाक्या, तर अप्पर इंदिरानगरच्या चढावरच्या गल्ल्यांत दारापुढे पेटलेले बंब आणि तीन दगडांवरची पातेली. जळण म्हणजे फुटकी खोकी, बांधकामावरच्या फळ्या, करवंट्या. घरात गॅस असतानाही हे का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायला ४०० किलोकॅलरी लागतात. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी. निम्मी उष्णता वाया गेली असे धरले तर माणशी सुमारे ७३ ग्रॅम गॅस. पाच माणसांच्या घरात १४.२ किलोचा सिलिंडर केवळ आंघोळीवर एकोणचाळीस दिवसांत संपेल. २०१६ साली उज्ज्वला योजना आली ती चुलीचा धूर डोळ्यांपुढे ठेवून. स्वयंपाक गॅसवर गेला, तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत दाराबाहेरच राहिले. धूरही राहिला, आणि तो सोसणारी घरातली बाईही तीच.

गच्चीवरच्या सौर टाकीलाही राखण चुकलेली नाही. पुण्याच्या नीचांकी थंडीची नोंद १.७ अंशांची, जानेवारी १९३५ मधली. त्यामुळे थंड देशांतल्याप्रमाणे पाणी गोठून नळ फुटण्याची भीती इथे नाही. इथले शत्रू दोन : रात्रीत निघून जाणारी उष्णता आणि बोअरच्या पाण्यातले क्षार. पहाटेची आंघोळ कालच्या उन्हावर होत असल्यामुळे टाकीचे उष्णतारोधक वेष्टन शाबूत हवे. काचनळ्यांवरची धूळ पुसावी लागते आणि आतला थर आम्लानेच काढावा लागतो. चिंचेचे काम बाटलीतल्या आम्लाकडे गेले, एवढेच.

आता बंगल्यांच्या अंगणांत उघड्यावरचे ‘हॉट टब’ येऊ लागले आहेत. त्यांचे आधुनिक रूप १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात घडले, तेही दारूच्या जुन्या लाकडी पिंपांतून. आपल्या न्हाणीतल्या पिंपाचा हा दूरचा भाऊबंदच. झाकण घट्ट ठेवा, पाणी कमी होऊ देऊ नका, क्षार साठू देऊ नका, या त्याच्या सूचना बंबवाल्या आजीला नव्या वाटणार नाहीत. फरक आहे तो राखण कोण करतो याचा. टबासाठी पगारी माणूस येतो. बंबासाठी पहाटे घरातली सून उठे, अप्परच्या गल्लीत आजही उठते, आणि तिच्या त्या तासाची मजुरी कोणत्याच हिशेबात धरलेली नाही.

ऊन पाण्याचा इतिहास लिहायचा तर त्याची साधने दफ्तरात फारशी सापडणार नाहीत. डाख देणाऱ्याचा हात, तांबटाची हातोडी आणि जळणाच्या अंदाजाने पाणी किती वेळात तापेल हे सांगणारी बाई, ही ती साधने. बिबवेवाडीच्या गल्लीत ती अजून विचारण्याच्या अंतरावर आहेत.