रस्ता कोणाच्या डोक्यात?

लंडनमध्ये उबर बोलावली की फोनच्या नकाशावर एक इवलीशी गाडी वळणं घेत आपल्याकडे येताना दिसते. चालक त्या भागात पहिल्यांदाच आलेला असू शकतो. त्याने काही बिघडत नाही, कारण रस्ता फोनला ठाऊक असतो. याच शहरात काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर मात्र आजही रस्ते तोंडपाठ असावे लागतात. चालकाच्या डोक्यातला रस्ता फोनमध्ये कसा गेला, ही गोष्ट परक्या शहरात येऊन वसलेल्या आपल्यासारख्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

काळ्या टॅक्सीच्या परीक्षेला ‘नॉलेज’ म्हणतात. १८६५ पासून, म्हणजे घोडागाड्यांच्या काळापासून, ती चालत आली आहे. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरची हॉटेलं, इस्पितळं, नाट्यगृहं, वकिलाती असा तिचा अभ्यासक्रम आहे. ‘ब्लू बुक’मध्ये ३२० मार्ग दिलेले असतात. त्यातला पहिला मॅनॉर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. उमेदवार स्कूटरच्या हँडलला कागद अडकवून पावसापाण्यात हे मार्ग पालथे घालतात आणि घरी येऊन जोडीदाराला म्हणून दाखवतात, आपण पाढे म्हणायचो तसे. परीक्षा तोंडी असते. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो. उमेदवाराने नकाशा न पाहता त्यांच्यामधला जवळचा मार्ग रस्त्यारस्त्याचं नाव आणि प्रत्येक वळण घेत सांगायचा. यात तीन-चार वर्षं सहज जातात आणि बरेच जण मध्येच सोडून देतात.

एवढ्या पाठांतराचा मेंदूवर काय परिणाम होतो? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं, की या टॅक्सीचालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे त्यांनी लंडनच्या बसचालकांशीही तुलना केली. शहर तेच, रहदारी तीच, पण बसचा मार्ग ठरलेला. बसचालकांमध्ये तसा फरक दिसला नाही. २०११ साली उमेदवारांचाच पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात जे उत्तीर्ण झाले, त्यांच्याच मेंदूत ही वाढ आढळली.

पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला त्याच वसंतात, मे २०००च्या सुरुवातीला, अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. १९८३ साली सोव्हिएत हद्दीत भरकटलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं. त्यानंतर ही लष्करी यंत्रणा नागरिकांनाही खुली करण्याची घोषणा झाली होती. पण त्या चुकीपायी ठिकाण शंभरेक मीटरने हुकू शकत असे. ती गेली आणि गाडी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगता येऊ लागलं. पुढचं काम गणिताचं होतं. चौक म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा, आणि त्यांतून सर्वांत कमी अंतराची वाट काढायची रीत डच गणिती डाइक्स्ट्रा यांनी १९५९ सालीच प्रसिद्ध केली होती. स्मार्टफोनने हे सगळं चालकाच्या हातात आणून ठेवलं. २०१२ साली उबर लंडनमध्ये आली.

तरी शेवटचे वीस मीटर अवघडच राहिले. उंच इमारतींवर आपटून संकेत फसतो, नकाशावरचा ठिपका पलीकडच्या गल्लीत पडतो, आणि चालक फोन करून विचारतो, “नक्की कुठे उभे आहात?” पुण्या-मुंबईत याचं उत्तर अजून देवळावरून किंवा मेडिकलच्या दुकानावरूनच दिलं जातं.

नॉलेजविषयी हळवं होताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ते ज्ञान होतं तसंच ते कुंपणही होतं. कुटुंब पोसत, कमाईविना तीन-चार वर्षं रस्ते पाठ करणं नव्याने आलेल्या स्थलांतरिताला कसं परवडावं? खाजगी भाड्याच्या गाडीच्या परवान्याला नकाशा वाचता यावा लागतो, पण शहर पाठ असावं लागत नाही. त्यामुळे बाहेरून आलेल्या अनेकांना रोजगाराचं दार उघडलं, आणि फोनने ते आणखी सताड केलं.

या सोयीची किंमत न्यायालयात उघड झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून कंपनीचे ‘वर्कर’ आहेत, असा निर्णय दिला. म्हणजे किमान वेतन आणि पगारी रजा हा त्यांचा हक्क ठरला. कंपनीचं चालकांवर किती नियंत्रण आहे, हे तपासताना न्यायालयाने रस्त्याकडेही पाहिलं. ॲपने दाखवलेला मार्ग सोडायची मुभा चालकाला होती. मात्र प्रवाशाच्या संमतीविना मार्ग बदलला आणि त्याने तक्रार केली, तर पैशाचा फटका चालकाला बसे.

काळ्या टॅक्सीवाल्याने परीक्षकासमोर कमावलेला रस्ता त्याचाच राहतो, उद्या तो कोणासाठीही गाडी चालवो. ॲपवरच्या चालकाने दहा वर्षांत शहराच्या गल्लीबोळांची कितीही ओळख करून घेतली, तरी भाडं ठरवताना तिला मोल नाही. स्थलांतरिताला दार उघडं हवं, हे खरंच. पण आत आल्यावर त्याने जे शिकून घेतलं, ते त्याच्या नावावर जमा व्हावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.