महामार्गावरची पुस्तके

मुंबई-आग्रा रस्ता कसारा घाट चढून इगतपुरीवरून घोटीत येतो आणि पुढे नाशिकला जातो. घोटी ही भाताची बाजारपेठ. अशा बाजारगावात पुस्तकाचे दुकान म्हणजे मुख्यतः वह्या, पाठ्यपुस्तके आणि गाइड यांचे दुकान. तिथली गर्दी जूनमध्ये, शाळा उघडताना. कथा-कवितेचे पुस्तक हवे असेल, तर या रस्त्याचे एक ना एक टोक गाठावे लागे.

नाशिकच्या टोकाला वाचनालय होते. तिथले सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. पुस्तक विकत घेणे फार थोड्यांना परवडे, त्या काळात वाचणारी माणसे एकमेकांना भेटत ती अशाच ठिकाणी.

मुंबईच्या टोकाला दुकाने होती. 1931 साली ‘आलम आरा’ हा बोलपट गिरगावातल्या ज्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, त्याच्याच नावाने पुढे तिथे मॅजेस्टिक बुक स्टॉल उभा राहिला. केशवराव कोठावळे यांच्या या दुकानात लेखक आणि वाचक एकाच फळीपुढे उभे राहत. नव्या पुस्तकांची खबर दूरच्या वाचकालाही मिळावी म्हणून कोठावळ्यांनी जानेवारी 1964 मध्ये ‘ललित’ मासिक काढले. ‘मॅजेस्टिक गप्पा’ या कार्यक्रमाने तर दुकानातल्या बोलण्यालाच व्यासपीठ दिले. मराठी ग्रंथव्यवहाराला त्या दुकानाने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल.

मोबाइलवरून पुस्तके मागवता येऊ लागली, तशी ही दुकाने अडचणीत आली. टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये स्ट्रँड सिनेमात सुरू केलेला स्ट्रँड बुक स्टॉल सत्तर वर्षांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये बंद झाला. घोटीच्या वाचकाचा यात फायदाही झाला, हे मान्य केले पाहिजे: ज्या पुस्तकासाठी नाशिकची खेप पडे, ते आता घरपोच येते. फक्त ते चाळताना शेजारी कोणी नसते.

ही उणीव याच रस्त्यावर एका हॉटेलाने भरून काढली आहे. ओझरजवळ दहावा मैल येथे भीमाबाई जोंधळे यांचे हॉटेल ‘आजीचं पुस्तकांचं हॉटेल’ म्हणून ओळखले जाते. जेवण येईपर्यंत गिऱ्हाईक मोबाइलमध्ये मान घालून बसते, हे पाहून टेबलावर पुस्तके ठेवली गेली. ऑर्डर द्यायची, हाताशी असलेले पुस्तक उघडायचे आणि ताट आले की पान लक्षात ठेवून बाजूला सरकवायचे. पुस्तक विकत घ्यायची सक्ती नाही.

भाताच्या हंगामात घोटीत काट्यासमोर गाड्यांची रांग लागते आणि शेतकरी आपल्या पाळीची वाट पाहत बसतात. तिथेही असे एक टेबल मांडता येईल. त्याला दुकानाचा गाळा लागत नाही. ओझरचे हॉटेल घोटीहून पन्नासेक किलोमीटरवर आहे, नाशिक ओलांडल्यावर.