समुद्राच्या पाण्यातील बुरशीची देणगी

इटलीतील सार्डिनिया बेटावरील कॅग्लियारी शहराचे सांडपाणी जेथे समुद्रास मिळते, तेथील पाण्यातून १९४५ मध्ये ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी एक बुरशी वेगळी केली. तिचा अर्क टायफॉइडच्या जिवाणूंची वाढ रोखतो, असे त्यांना आढळले. पुढे ही बुरशी ऑक्सफर्डला पोहोचली. तेथे एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांनी तिच्यातून ‘सेफालोस्पोरिन सी’ हे संयुग मिळविले. पेनिसिलिन निष्प्रभ करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या विकरापुढेही ते टिकते. मात्र त्याची मारकशक्ती क्षीण होती. म्हणून रेणूत बदल करून बनविलेले सेफॅलोथिन १९६४ मध्ये बाजारात आले. आज सर्रास दिले जाणारे सेफालेक्सिन याच कुळातील आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढत असताना समुद्री बुरशींचा शोध म्हणूनच मोलाचा ठरतो.