सीसॅटमध्ये ‘गृहीतक’ ओळखताना गोंधळ होतो? आधी युक्तिवादाचे तीन भाग वेगळे करा

यूपीएससी पूर्व परीक्षेचा सीसॅट पेपर २०० गुणांचा असतो. २०१५ पासून तो फक्त पात्रतेपुरता आहे, पण ३३ टक्के म्हणजे ६६ गुण मिळवावेच लागतात. ते हुकले, तर पहिला पेपर कितीही चांगला गेला तरी उपयोग नाही. शिवाय चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. त्यामुळे ‘यात कोणते गृहीतक आहे?’ अशा प्रश्नात अंदाज महागात पडतो.

हा नमुना पाहा :

“प्रत्येक मोठ्या चौकात उड्डाणपूल हवा. स्टेशन चौकात गेल्या वर्षी पूल झाला आणि तिथले अपघात कमी झाले.”

निष्कर्ष कोणता?
लेखकाला जे पटवून द्यायचं आहे, तो निष्कर्ष. इथे तो पहिल्याच वाक्यात आहे. ‘म्हणून’, ‘सबब’, ‘यावरून’ हे शब्द निष्कर्षाची खूण देतात, पण ते दरवेळी नसतात. अशा वेळी प्रत्येक वाक्याला विचारा, “कशावरून?” ज्याचं उत्तर उताऱ्यातच सापडतं, तो निष्कर्ष.

आधारविधान म्हणजे काय?
‘कशावरून?’चं मिळालेलं उत्तर. इथे पूल झाला आणि अपघात कमी झाले, ही दोन आधारविधानं.

मग गृहीतक कुठे आहे?
ते लिहिलेलं नसतं, पण त्याच्याशिवाय युक्तिवाद उभा राहत नाही. इथलं एक गृहीतक : अपघात कमी होण्यामागे पूल हे कारण होतं.

पर्याय कसा तपासायचा?
पर्याय उलटा करून पाहा. समजा, अपघात पुलामुळे नाही, तर नव्या सिग्नलमुळे कमी झाले. मग युक्तिवाद कोसळतो. म्हणजे हे गृहीतक बरोबर.

आता दुसरा पर्याय घ्या : ‘उड्डाणपुलाशिवाय अपघात कमी होऊच शकत नाहीत.’ तो उलटा केला, म्हणजे इतर उपायही चालतात असं मानलं, तरी पुलाचा मुद्दा टिकतो. म्हणून हे गृहीतक नाही. पर्यायात ‘फक्त’, ‘कधीच’ किंवा ठासून आलेला ‘च’ दिसला, की दोनदा तपासा.

गृहीतक आणि अनुमान एकच का?
नाही. गृहीतक निष्कर्षाच्या आधी मानलेलं असतं, तर अनुमान दिलेल्या माहितीतून नंतर काढलं जातं. प्रश्नात यातलं काय विचारलंय, ते आधी वाचा.

व्हॉट्सॲपवर आलेला दावा पुढे पाठवण्यापूर्वीही “कशावरून?” हा प्रश्न तितकाच कामाला येतो.